हलकं काडतूस

कॉलेजात एन.सी.सी.च्या फायरिंगला गोळ्या मोजून मिळत आणि झाडून झाल्यावर रिकाम्या पुंगळ्याही मोजूनच परत कराव्या लागत. एक जरी कमी भरली तरी सगळी तुकडी गवतात ओणवी होऊन शोधत बसे. टू-टू रायफलची ती इवलीशी पितळी पुंगळी, अजून गरम, दारूच्या वासाची, मला हातातून सोडवत नसे. खरं तर ती पुन्हा कामाची नसते. तिचं स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि पिन ती कडच चेपून टाकते.

नोकरीसाठी ओहायोत आलो तेव्हा रेंजवर पुंगळ्यांचा सडा पडलेला असायचा आणि मोजणारं कोणी नव्हतं. शेजारचे एक आजोबा त्या वेचून घरी नेत. आयुष्यभर टूल-अँड-डायचं काम केलेला माणूस. त्यांच्या तळघरातल्या बाकावर मी काडतूस भरायला शिकलो. थर्टी-एट स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचा प्रायमर, म्हणजे स्फोटक मिश्रणाची छोटी टोपी, बुडाच्या मधोमध वेगळा बसवलेला असतो. तो ठोकून काढायचा, पुंगळी डायमधून दाबून मापात आणायची, मग नवा प्रायमर, नवी दारू, नवी गोळी. त्यांनी दिलेल्या काही पुंगळ्या मी अजून वापरतो. भार हलका असला की पितळ फार दिवस टिकतं. तोंडाला चीर दिसली की मगच भंगारात.

घरी भरणारा माणूस जोरकस काडतूस भरत असेल, असं बहुतेकांना वाटतं. मला ती ओढ कधी वाटली नाही. माझी गोळी वॉडकटर: शिशाची, १४८ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेनऊ ग्रॅमची, सपाट तोंडाची. ती कागद फाडत नाही, स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही. वेग सेकंदाला ७०० फुटांच्या आसपास. कागदावर नेम धरणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मुलगी शिकायला लागली तेव्हा हे मत आणखी पक्कं झालं. १९३५ साली आलेल्या थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये थर्टी-एटही चालतं. तिने आधी एका ओळखीच्यांची मॅग्नमची काडतुसं झाडून पाहिली होती. त्या धडाक्याने चाप दाबण्याआधीच मनगट दचकायचं आणि नळी खाली जायची. त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये माझी काडतुसं घालून दिली. सहाही झाडून झाल्यावर ती वळून म्हणाली, "बाबा, फ्रंट साइट सगळा वेळ दिसत होती!" नेमबाजीत शिकायचं ते एवढंच. भीती गेली की डोळा काम करू लागतो.

हलक्या काडतुसाला जोखीम मात्र आहे. थर्टी-एट हे मुळात काळ्या दारूच्या काळातलं काडतूस. त्या दारूला जागा फार लागे, म्हणून पुंगळी ऐसपैस. आजची बिनधुराची दारू तिच्या तळाशी चिमूटभर दिसते, आणि चुकून दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही. दारू पडलीच नाही, तर एकटा प्रायमर गोळीला नळीत अर्ध्यावर नेऊन अडकवतो. तिच्यावर दुसरी झाडली तर नळी फुगते, नाहीतर फुटते. म्हणून पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या खळ्यांत रांगेने उभ्या करायच्या आणि गोळी बसवण्याआधी विजेरी तिरकी धरून एकेकीत डोकावायचं. पितळेच्या भिंतींच्या आत, खोल तळाशी, दारूचे करडे कण सगळीकडे एकाच उंचीला दिसले पाहिजेत. एखादीत शंका आली की ती उपडी करून पुन्हा भरायची. आजोबा त्या वेळी रेडिओ बंद करत. मी फोन वरच्या मजल्यावर ठेवून येतो.

आता माझं मनगट दुखतं. इतकी वर्षं आवडीने भरलेलं काडतूसच आता मला झेपतं.

भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, तेव्हा हे तिथे घरी करून पाहू नये. अमेरिकेत राहून हा छंद धरू पाहणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींना मात्र एक कळकळीचं सांगणं आहे: हलकं म्हणजे मनाला येईल तितकं कमी नव्हे. त्या गोळीला आणि त्या दारूला छापील पुस्तकात जे किमान माप दिलेलं असेल, त्याच्या खाली जाऊ नका.