रिकामी यादी गुणिले तीस

पायथॉन शिकायला घेतलेला माणूस दोन-तीन आठवड्यांत एक प्रश्न हमखास विचारतो. "प्रोग्राम चालू असताना यादी१, यादी२, यादी३ अशा नव्या याद्या कशा बनवायच्या?" गरज खरीच असते हो, फक्त मागणी चुकीची असते.

माझ्या मावसभावानेही हेच विचारलं. मावशीची कर्वेनगरला छोटी मेस आहे, डब्यांचा हिशोब वहीत. खाडा धरायचा राहिला तर पोरं भांडतात. डबा मांडायचा राहिला तर कुणीच काही बोलत नाही, आणि पैसे बुडतात ते मावशीचे! म्हणून साहेबांनी प्रोग्राम लिहिला. ३० गिऱ्हाईकं, ३० याद्या, प्रत्येकीत डब्याच्या तारखा. मग एकतिसावा आला.

चालू प्रोग्राममध्ये नावं बनवायच्या युक्त्या आहेत, पण त्या वाटेला जाऊच नये. गिऱ्हाईकाचं नाव ही माहिती. ती कोडमध्ये शिरली की बसा रोज कोड बदलत.

मग त्याने शक्कल लढवली. एका मोठ्या यादीत रिकामी यादी ठेवली आणि गुणिले तीस केलं. दिसायला झकास! एकाचा पाच तारखेचा डबा मांडला, तर तिसांनीही जेवण केलेलं. (मावशीला ही पद्धत फार आवडली असती.) होतं काय, की गुणाकाराने आतल्या यादीच्या प्रती निघत नाहीत. तीस जणांच्या हाती एकाच घराचा पत्ता जातो. आणि एरर येत नाही, हा खरा वैताग. लिस्ट कॉम्प्रिहेन्शन वापरलं की दर फेरीला नवी कोरी यादी मिळते. ही सोय पायथॉन २.० पासून, म्हणजे २००० सालापासून आहे.

पण तिथेही याद्या किती ते आधी ठरवावं लागतं. मेसमध्ये ते कसं ठरणार? इथे डिक्शनरीच हवी. नाव ही चावी, आणि त्या चावीला तारखांची यादी. २००६ साली पायथॉन २.५ मध्ये डिफॉल्टडिक्ट आली. तिला नुसतं 'लिस्ट' सांगून ठेवायचं. नवं नाव आलं की ती तिथल्या तिथे रिकामी यादी काढते, आपण तारीख अपेंड करायची. तारखा किती होतील तेही सांगावं लागत नाही. पंगतीत दोन पानं जादा मांडतात ना, तसा पायथॉनही यादी वाढवताना थोडी जास्तीची जागा धरून ठेवतो.

एक मात्र सांभाळायचं. चौकटी कंसात नाव टाकून नुसतं विचारलं तरी डिफॉल्टडिक्ट नोंद करून मोकळी होते. स्पेलिंग चुकलं की भुताटकीचं गिऱ्हाईक तयार! बघण्यापुरतं 'गेट' वापरावं.

आता मेसमध्ये दोन सचिन आलेत. डिक्शनरीत एक चावी एकदाच राहते, म्हणून मोबाइल नंबरच चावी करावा असं माझं मत. मावशी म्हणते, "एवढं कशाला? एकाला लंबू सचिन लिही की."