वाट्याचे दूध

कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचे, हा भेद पुण्याच्या पेठांमधील वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या मानला गेला, आणि वाड्याची रचना पाहिली की त्याचे कारण उलगडते. चौक, म्हणजे वास्तूच्या मध्यभागी मोकळी सोडलेली जागा, भोवतीची ओसरी, वरची माडी, छपराखालचा माळा आणि वर्षाचे धान्य साठवण्याचे कोठीघर यांत उंदरांना आसरा भरपूर असे; त्यामुळे मांजर कोणी आणले नाही तरी ते येई आणि राहून जाई. माणूस आणि मांजर यांचा संबंध मुळात असाच जुळला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती स्थिरावल्यावर धान्यापाशी उंदीर आले, उंदरांमागे रानमांजरे आली, आणि सायप्रस बेटावरील साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले.

नारायण पेठेतील अशाच एका वाड्यात राहिलेल्या मनीचे आयुष्य त्या घरातील आजींच्या आठवणींतून टिकून राहिले. पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीला ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले, त्याच वर्षी मनी माळ्यावर जन्मली, आणि आजी तिचे वय पुढेही त्यावरूनच सांगत. पांढऱ्या अंगावर काळे आणि तांबूस पट्टे असलेली ती तिरंगी मांजर होती. तांबूस रंग ठरवणारे जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर असते आणि काळा व तांबूस हे दोन्ही रंग एकत्र उमटण्यासाठी अशी दोन गुणसूत्रे लागतात, म्हणून तिरंगी मांजर बहुतेक वेळा भाटी, म्हणजे मादी, असते.

घरात सोवळे, म्हणजे स्वयंपाक आणि पूजा करताना पाळायची शुद्धतेची बंधने, कडक होते. शाळेतून आलेल्या नातवंडांना कपडे बदलल्याखेरीज चुलीजवळ येता येत नसे, मनी मात्र खुशाल चुलीच्या उबेला बसे. विष्णुस्मृतीत वायू, अग्नी आणि भूमी यांच्याबरोबर मांजरही सदैव शुद्ध मानले आहे. आजींना ते वचन ठाऊक नव्हते, पण त्यातला व्यवहार त्यांच्या स्वयंपाकघरात चालत होता. रतीब, म्हणजे रोज ठरल्या मापाने घरी येणारे दूध, तापवून झाले की त्यातले थोडे दूध पाणी घालून मनीच्या पितळी वाटीत पडे आणि मगच घरातील चहा होई. प्रौढ मांजरांना दुधातील साखर बहुधा नीट पचत नाही आणि त्यांचे खरे अन्न मांस हेच असते, तेव्हा ती वाटी पोट भरण्यासाठी नव्हतीच. घरातल्या प्रत्येकाचा वाटा दिवस उजाडताच निघाला पाहिजे, हा आजींचा संसाराचा पहिला नियम होता, आणि त्या वाट्यांत मनीचाही एक होता.

मांजरीची गर्भावस्था सुमारे नऊ आठवड्यांची असते, आणि पिल्लांचे डोळे साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत उघडतात. या काळात ती पिल्लांना मानगुटीला धरून जागा बदलत राहते. लोक त्याला सात घरे दाखवणे म्हणतात, पण त्यामागे बोक्यांपासून आणि माणसांच्या वर्दळीपासून पिल्ले लपवण्याची धडपड असते. मनी माळ्यावरून कोठीघरात आणि कोठीघरातून आजींच्या ट्रंकेमागे पिल्ले हलवी, आणि आजी ती जागा कोणालाही झाडू देत नसत. बाळंतिणीच्या खोलीत जसा परक्याने पाय टाकू नये, तसाच तिथेही टाकू नये, असे त्या सुनांना सांगत. जन्मानंतर पूजली जाणारी षष्ठी देवी मांजरावर बसते, ही श्रद्धाही त्यामागे होती.

आजींना यात्रांची ओढ होती, मात्र पंढरपूरला निघण्याआधी आणि काशीला निघण्याआधी मनीला कोण सांभाळणार हे ठरल्याशिवाय त्यांचे वळकटी बांधणे पुरे होत नसे. कीर्तनातून त्यांना मर्कटन्याय आणि मार्जारन्याय हे भक्तीचे दोन मार्ग कळले होते: वानराचे पिल्लू स्वतः आईला घट्ट धरते, तर मांजराच्या पिल्लाला आईच उचलून नेते. संसारात माणसाला दोन्ही करावे लागते, असे त्यांचे मत होते. धाकट्यांनी धरावे आणि थोरल्यांनी उचलावे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, खडकवासल्याचा बांधही त्या लोंढ्यापुढे टिकला नाही, आणि मुठेकाठच्या पेठांतील माती-विटांचे असंख्य वाडे पाण्यात बसले. पाणी ओसरल्यावर मनी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर सापडली, पण तिचा वाडा उरला नव्हता आणि कुटुंबाला शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या वसाहतीत जावे लागले. मांजर गालांतील आणि पंजांतील ग्रंथींच्या वासाने आपली हद्द आखते. तो वास नसलेली जागा तिला परकी वाटते आणि ती जुन्या ठिकाणाकडे पळ काढते. आजींनी तिला काही आठवडे खोलीबाहेर जाऊ दिले नाही, स्वतःची न धुतलेली गोधडी तिच्याखाली घातली आणि पितळी वाटी रोजच्याच वेळी पुढे ठेवली. वाड्याची मांजर त्या एका माणसाच्या आधाराने नव्या घराची झाली.

नव्या घरात कोठीघर नव्हते, साठच्या दशकात धान्य रेशनवर महिन्याचे महिन्याला येऊ लागले, आणि उंदरांबरोबर मनीचे कामही संपले. पुढे तिला कमी दिसू लागले, म्हातारपणी अनेक मांजरांचे मूत्रपिंड थकते तशी ती वारंवार पाणी पिऊ लागली, आणि चौदाएक वर्षांची होऊन ती गेली. तोवर दुधाच्या वाटीत एक दिवसही खंड पडला नाही. काम सुटलेला पुतण्या आणि माहेरी परतलेली विधवा नणंद यांचाही वाटा त्या घरात असाच, कोणतीही चौकशी न होता, निघत असे. उपयोग आहे म्हणून जो वाटा मिळतो ती मजुरी होय, आणि उपयोग सरल्यावरही जो चालू राहतो त्यालाच घर म्हणावे. आजींची ही समजूत पुण्याच्या पेठांतून वसाहतींत आणि वसाहतींतून सदनिकांत गेलेल्या प्रत्येक कुटुंबाने सोबत न्यावी, इतकी मोलाची आहे.