धाकट्याच्या दप्तरातली पुस्तकं

घरात एखादं पुस्तक येतं तेव्हा ते कुणाचं असतं? पहिल्या पानावर ज्याचं नाव लिहिलेलं असतं त्याचं, असं तुम्ही म्हणाल. तसं ते बरोबरच आहे. पण शेतकऱ्याच्या घरात हिशेब इतका सरळ कधी असतो का? एका घोंगडीत तिघं निजतात, एका सायकलीवर सगळी आळी बाजार करून येते. पुस्तकाचंही तसंच. नाव एकाचं आणि वाचणारे चार. त्या चारांतली मी एक. माझ्या आवडीची बहुतेक पुस्तकं माझी कधी नव्हतीच. ती धाकट्या भावाची होती.

आमचं गाव करमाळा तालुक्यातलं, ज्वारीच्या मुलखातलं. गावात शाळा सातवीपर्यंत. १९७० साली मी सातवी पास झाले. पुढची शाळा सात मैलांवर, मधे ओढा, एसटी नाही, सोबतीला दुसरी मुलगी नाही. ‘सही येते, पत्र वाचता येतं, पोरीच्या जातीला पुष्कळ झालं,’ असं घरात ठरलं. त्या काळी घरोघरी असंच ठरायचं. त्यात कुणाला दुष्ट म्हणावं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. वाईट मात्र वाटलं. जूनमध्ये शाळेची घंटा आमच्या रानापर्यंत ऐकू यायची, आणि हातातलं खुरपं जरा वेळ थांबायचं.

धाकटा माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मी घरी बसले तेव्हा तो तिसरीत गेला. त्याच्या पुस्तकांना कव्हर घालायचं काम माझ्याकडे. ज्वारीच्या पिठाची खळ शिजवायची, जुन्या वर्तमानपत्राचा कागद कापायचा, पानं सुटली असतील तर दाभणानं सुतळी ओवून घ्यायची. हे काम मी मुद्दाम दोन रात्री लांबवायची. दुसऱ्या रात्री कव्हर चढेपर्यंत मराठीचं पुस्तक पहिल्या धड्यापासून शेवटच्या कवितेपर्यंत वाचून झालेलं असायचं. म्हणजे बघा, ज्याचं पुस्तक त्याच्या आधी ते माझं होऊन जायचं!

मी शिकले तेव्हाची पुस्तकं निरनिराळ्या प्रकाशकांची होती. अक्षर बारीक आणि चित्रं काळी. पुण्याची बालभारती, म्हणजे सरकारचं पाठ्यपुस्तक मंडळ, १९६७ साली स्थापन झालं आणि मग एकेका इयत्तेची नवी पुस्तकं येत गेली. ती पहिल्यांदा धाकट्याच्या दप्तरात पाहिली तेव्हा मला त्याचा हेवाच वाटला. चित्रात बैल होते, विहीर होती, डोक्यावर पाटी घेतलेली बाई होती. आपल्यासारखी माणसं छापतात, हे मला तेव्हा कळलं.

आता ‘नवी पुस्तकं’ म्हटलं तरी आमच्या घरी कोरं पुस्तक क्वचितच यायचं. तुमच्यापैकी पुष्कळांना जूनमधली ती देवघेव आठवत असेल. वरच्या वर्गात गेलेल्या मुलाकडून निम्म्या किमतीत पुस्तक घ्यायचं, वर्षभर वापरायचं, आणि पुढच्या जूनला आणखी कमी किमतीत तिसऱ्याला द्यायचं. एका पुस्तकावर तीन-तीन नावं, आधीची दोन रेघ मारून खोडलेली. सगळ्या थोर पुरुषांना पेनानं मिशा काढलेल्या. अवघड शब्दावर पेन्सिलीनं अर्थ लिहिलेला, आणि तो कित्येकदा चुकीचा! पण मला त्या खुणा आवडायच्या. आपल्या आधी कुणीतरी या ओळीपाशी अडलं होतं, याचा एक धीर वाटायचा.

चौथीच्या पुस्तकातलं एक पान कुणीतरी फाडलं होतं, त्यामुळे एका गोष्टीला शेवटच नव्हता. भावाला मी रोज निजताना तिचा नवा शेवट सांगायची. एकदा सगळे सुखरूप घरी यायचे, एकदा पूर येऊन वाट अडायची. पुढं शेजारच्या मुलाच्या पुस्तकात खरा शेवट सापडला. तो वाचून धाकटा म्हणाला, ‘ताई, तुझाच बरा होता.’ परीक्षेत काय लिहिलं कोण जाणे, पण पास झाला.

मग १९७२ साल आलं. त्या दुष्काळाबद्दल मी तुम्हांला वेगळं काय सांगणार? ज्यांनी भोगला त्यांच्या तो अंगावर लिहिलेला आहे. विहिरीला तळ दिसला. रेशनवर लाल मिलो, कामावर सुकडी. आमचं सगळं घर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचं, मीही जायची. दावणीची गाय वैरणीवाचून बाजारात नेली, आणि मिळाली ती किंमत घेऊन वडील खाली मान घालून परत आले. त्या जूनला धाकटा पाचवीत जायचा होता. ‘एक वर्ष राहू दे, पोराचे दोन हात कामाला येतील,’ असं बोलणं निघालं.

आई सहसा मधे बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. ‘एकीचं बंद केलं, आता दुसऱ्याचं नको,’ एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून माझ्या शाळेबद्दल निघालेला तो पहिला शब्द होता. मी म्हटलं, माझ्या मजुरीतून पुस्तकं आणू. भावाचं शिक्षण थांबू नये हे तर होतंच, पण खरं सांगू का? त्याचं दप्तर बंद झालं असतं तर माझंही वाचन बंद झालं असतं. मला ते नको होतं. शनिवारी हप्ता मिळाला त्यातून दाणे घेतले, आणि उरलेल्यातून पाचवीची पुस्तकं, अर्थात निम्म्या किमतीची. दुपारच्या सुट्टीत खडीच्या ढिगाच्या सावलीला बसून मी ते मराठीचं पुस्तक वाचलं. हाताला फोड आले होते, म्हणून पान तळहातानं न उलटता मनगटानं उलटायची.

त्याच सुमाराला ‘किशोर’ मासिक आमच्याकडे यायला लागलं. बालभारतीनं ते १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू केलं होतं. शाळेत यायचं, आणि गुरुजी शनिवारी धाकट्याबरोबर घरी द्यायचे. सोमवारी परत करायचं, त्यामुळे रविवारी दोघांची ओढाताण. पुढं भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे भेटला. सायकलीवरून भन्नाट जाणारा काटकुळा पोरगा, आणि गाव कुठलं, तर पुण्याजवळचं फुरसुंगी! पराक्रम करायला मुंबईत जन्मावं लागत नाही, हे त्या पुस्तकानं आमच्या आळीतल्या सगळ्या पोरांना सांगितलं. पुढं महिनाभर सायकलीच्या भाड्यापायी घरोघरी पोरांना बोलणी बसत होती.

पण सगळ्यांत जवळचं पुस्तक कोणतं, असं विचाराल तर ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. छापून आलं १९३५ साली. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, एकूण ४२. रोज रात्री श्याम आश्रमातल्या सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो. दुष्काळ ओसरल्यावर, पहिलं बरं पीक घरात आलं त्या हिवाळ्यात, गुरुजींनी आपली प्रत धाकट्याला वाचायला दिली. आम्ही ठरवलं, पुस्तकातली एक रात्र आपल्या एका रात्री वाचायची. एक दिवस त्यानं, एक दिवस मी. रॉकेलची चिमणी मधे, समोर आजी आणि आई. दोघींनाही अक्षर ओळख नव्हती.

त्याआधी आजीला गोष्ट म्हणजे पोथीतली, देवादिकांची. या पुस्तकात देवांऐवजी कर्ज होतं, फाटकं लुगडं होतं, सावकाराचा माणूस दारात होता. आजी म्हणाली, ‘हे कुणी लिहिलं? आपल्या घरात येऊन बघून गेला का काय?’ तिचा पदर डोळ्याला लागायचा आणि ती म्हणायची, चिमणीचा धूर लागला.

मोरी गाईची रात्र आली तेव्हा वाचायची पाळी माझी होती. ही गाय फक्त श्यामच्या आईलाच दूध काढू देते, दुसऱ्या हाताला उभी राहत नाही, आणि शेवटी ती जाते. आमची गायही तशीच होती, आईच्या हाताची. माझ्या ते आधी ध्यानात आलं नाही, वाचताना मधेच आलं. आवाज अडखळला. मी वर पाहिलं, तर आई भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे. मी पुस्तक मिटायला लागले तशी म्हणाली, ‘मिटू नको. परत पहिल्यापासून वाच.’ मी परत वाचलं. गाय विकून दोन वर्षं होत आली होती, त्या दोन वर्षांत आईनं गाईचं नाव काढलं नव्हतं. त्या रात्री मात्र ती उशिरापर्यंत तिच्याबद्दल बोलत राहिली. तिची खोड, तिची पहिली कालवड, बाजारात नेताना वेशीपाशी ती कशी थांबली ते. वडील अंधारात ओसरीवर बसून ऐकत होते. सकाळी उठून त्यांनी काही न बोलता रिकाम्या दावणीचा खुंटा पक्का ठोकला. गाय यायला पुढं वर्ष लागलं, पण आली.

म्हणून सांगते, ‘मुलांचं पुस्तक’ म्हणून बाजूला ठेवू नका. ते कुणाला कधी लागेल सांगता येत नाही.

१९७५ साली माझं लग्न झालं. धाकट्यानं माझ्या ट्रंकेत पाचवीचं ते मराठीचं पुस्तक घातलं. दोन वर्षांपूर्वीच त्याची पाचवी झाली होती, विकलं असतं तर चार आणे-आठ आणे आले असते. त्यानं ठेवून दिलं होतं. पुस्तकावरच्या खोडलेल्या नावांखाली त्याचं नाव होतं, आणि त्याखाली त्यानं माझं लिहिलं होतं. सासरी श्रावणात पोथी वाचायला कुणी नव्हतं, ते काम माझ्याकडे आलं आणि त्यामुळे थोडा मानही आला. पुढं मुलांची दप्तरं आली, कव्हरं घालणं आलं, नि वाचनही चालू राहिलं. माझ्या मुलीच्या पुढच्या शाळेचा प्रश्न निघाला तेव्हा मात्र मी घरात सगळ्यांदेखत बोलले. आईनं एकदा बोलून वाट मोकळी केलीच होती.

आता दिवस बदलले. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात, ही फार चांगली गोष्ट झाली. निम्म्या किमतीचा तो बाजार त्यामुळे ओसरला. पण एक होतं. वर्ष संपलं की पुस्तक घरात कुठंतरी पडतं आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातं. तसं करू नका. निदान मराठीचं पुस्तक कोनाड्यात ठेवा. घरात मोबाइल असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं आणि ‘किशोर’चे जुने अंकही फुकट वाचायला मिळतात. नातवंडांना सांगा, ती काढून देतील.

आणि एवढं करून पाहा. आठवड्यातून एखाद्या रात्री, जेवणं झाल्यावर, टीव्ही जरा बंद ठेवा नि मुलाला त्याचा धडा मोठ्यानं वाचायला सांगा. गुण किती पडतील याचा विचार नको. घरातली म्हातारी ऐकेल, भांडी घासता घासता सून ऐकेल. तिला मधे काही विचारावंसं वाटलं तर विचारू द्या. तिचीही शाळा अशीच कुठंतरी सातवी-आठवीला थांबलेली असेल. पुढच्या वेळी बाजाराला जाल तेव्हा तिला कोणतं पुस्तक आवडेल ते विचारा, आणि आणल्यावर पहिल्या पानावर तिचं नाव घाला.