गाडी मागे घेताना

एडिसन, न्यू जर्सी

चि. मृणाल,

फोनवर तू चिडलेली होतीस, म्हणून तेव्हा वाद घातला नाही. ड्राइव्हवेतून गाडी मागे घेताना झालेल्या अपघाताची चूक इन्शुरन्सवाल्यांनी तुझ्या माथी मारली आणि भरधाव आलेला तो मुलगा सुटला, हे तुला लागलंय. तो वेगात असेलही. पण ड्राइव्हवेतून निघणाऱ्याला पहिला हक्क नसतोच. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे वस्तीत ड्राइव्हवेतून निघताना साइडवॉकच्या आधी थांबायचं, चालणाऱ्यांना जाऊ द्यायचं, मग रस्त्यावरच्या गाड्यांना, आणि त्यानंतर आपण. मला हे न्याय्य वाटतं. रस्त्यावरचा माणूस आपल्या वाटेने चाललेला असतो, मध्ये शिरतो आपण, आणि तेही पाठमोरे.

तू गाडी शिकलीस पुण्यात. तिथे सोसायटीचा वॉचमन शिट्टी मारून रस्ता अडवतो आणि आपण बिनधास्त मागे येतो. भारतातल्या नियमांतही, कुणाला धोका नाही याची खात्री केल्याशिवाय गाडी मागे घेऊ नये, असंच आहे. सवय मात्र उलटी लागते.

कॅमेऱ्यावर फार विसंबू नकोस. तो गाडीच्या मागचं दाखवतो. साइडवॉकवरून बाजूने सायकल दामटत येणारं पोर त्यात अगदी शेवटच्या क्षणी दिसतं. थंडीत कॅमेऱ्याच्या काचेवर मीठ-चिखलाचा थर बसतो, तो बोटाने पुसायचा. शिवाय तुझ्या ड्राइव्हवेच्या डाव्या अंगाची झुडपं छातीएवढी वाढली आहेत. गाडीचं मागचं टोक रस्त्यावर आल्याशिवाय तुला काहीच दिसत नाही, तुझा अपघात झाला तो तिथेच.

इथे प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला तो मे २०१८ पासून. त्यासाठीचा कायदा २००८ सालचा, कॅमेरॉन गलब्रन्सेन या दोन वर्षांच्या मुलाच्या नावाचा. २००२ मध्ये लाँग आयलंडवर घरच्याच ड्राइव्हवेत तो गेला. गाडी मागे घेत होते त्याचे वडील, स्वतः बालरोगतज्ज्ञ. हे वाचलं की माझ्या पोटात आजही गोळा येतो.

म्हणून माझं ऐक. संध्याकाळी घरी आलीस की गाडी उलटी लाव, सकाळी तोंड रस्त्याकडे करून निघ. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही हाच सल्ला आहे. अर्थात कॅमेरॉनचे वडीलही गाडी आतच घेत होते, त्यामुळे एवढ्याने भागत नाही. मागे घेण्याआधी उतरून गाडीभोवती एक फेरी मारायची, आणि छोटी ईरा घराबाहेर असेल तर ती कुणाच्या तरी कडेवर दिसल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही. जावईबापूंनाही हे सांग, त्यांना घाई फार असते.

क्लेमवर अपील करायचं तर खुशाल कर, कागद मी बघून देईन. शनिवारी येतोय. मोठी कात्री आणतो, झुडपं गुडघ्याखाली उतरवून टाकू.

तुझा,
मामा