तीन प्लग, चार वायरी आणि "इंजिन गेलंय"

मंडळी, ही पोस्ट जुनी गाडी वापरणाऱ्यांसाठी आहे. नव्या गाडीवाल्यांनी वाचली तरी चालेल, दहा-बारा वर्षांनी उपयोगी पडेल.

आपल्या तालुक्यात अजून किती मारुती ८०० धावतात हे बाजारच्या दिवशी स्टँडच्या मागच्या बोळात जाऊन बघा. कंपनीने ही गाडी बनवणं २०१४ च्या सुरुवातीला बंद केलं. तरी शेतावर खताची पोती, दवाखान्यात पेशंट आणि लग्नात वऱ्हाड तीच नेते. माझ्याकडेही १९९८ ची कार्बोरेटरवाली आहे. बातमीदारीच्या पगारात दुसरी परवडत नाही आणि खरं सांगायचं तर हवीही नाही.

सध्या एक प्रकार वाढलाय. गाडी झटके मारायला लागली, चढावर दम सोडायला लागली की गॅरेजवाला झाकण उघडतो, कान लावून ऐकतो आणि सांगतो, "साहेब, इंजिन गेलंय. काम काढावं लागेल." मालक घाबरतो. शेजारी कुणीतरी जुन्या गाड्या घेणारा उभाच असतो. तो भंगाराचा भाव सांगतो.

आमच्या गुरुजींचंच सांगतो. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. काकूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मिरजेला न्यावं लागतं, आणि पहाटेच्या एसटीचा भरवसा नाही. त्यांच्या ८०० ला एका गॅरेजने अठ्ठावीस हजारांचं काम सांगितलं. गुरुजी माझ्या ऑफिसात येऊन बसले. म्हणाले, "अरे, तू पेपरात आहेस, चार लोक ओळखतोस. विकून टाकू का सांग. पण मग हिला न्यायचं कसं?"

मी म्हटलं, "गुरुजी, विकायच्या आधी एकदा आमच्या मिस्त्रीला दाखवू."

मिस्त्रीने इंजिनला हात लावला नाही. आधी विचारलं, "उभी असताना नीट चालते का?" चालते. "चढावर, चौथ्या गेअरला दाबली की झटके?" हो. मग अंधार पडेपर्यंत थांबवून घेतलं. इंजिन चालू केलं, बॉनेट उघडलं आणि कुंड्यांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने वायरींवर लांबूनच हलका फवारा मारला. तीन नंबरच्या वायरीजवळ निळी ठिणगी तडतडताना आम्हा तिघांनाही दिसली. प्लगच्या टोपीला तडा गेला होता. वीज प्लगच्या आत जायच्या ऐवजी बाहेरच इंजिनच्या लोखंडाला उडत होती. (हा प्रयोग स्वतः करायचा असेल तर लांबून बघा, वायरींना हात लावू नका. झटका जोराचा बसतो.)

हे फक्त चढावरच का व्हायचं, तेही समजून घ्या. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा-पेट्रोल जातं, दाब वाढतो. जास्त दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. ते वाढलं की वीज सोपी वाट शोधते, आणि तडा गेलेली टोपी ही सगळ्यात सोपी वाट. उभ्या गाडीत दाब कमी असतो, म्हणून तिथे सगळं गोड वाटतं. मालकाला तर वाटतंच, पण घाईतल्या मिस्त्रीलाही वाटतं की दोष आत इंजिनात आहे.

प्लग काढले तर आणखी मजा. दोन एका नंबरचे, तिसरा भलत्याच नंबरचा आणि त्याचा आटा आखूड. कधीतरी कुणीतरी "हा पण बसतो" म्हणून बसवला असणार.

तर आता नंबरांबद्दल. कारण "८०० चा प्लग द्या" एवढंच सांगून दुकानातून प्लग आणायचा नसतो. गाडीच्या पुस्तकात नंबर दिलेला असतो, तो लिहून न्यायचा. एनजीकेच्या प्लगवर समजा 'बीपीआर६ईएस' असं लिहिलंय. यातला बी म्हणजे १४ मिलिमीटर जाडीचा आटा, आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, ई म्हणजे आट्याची लांबी १९ मिलिमीटर. आटा आखूड असेल तर ठिणगी खोबणीतच पडते आणि मोकळ्या आट्यांत कार्बन भरतो. लांब असेल तर पिस्टन येऊन प्लगला ठोकायची भीती. मधला ६ हा उष्णतेचा आकडा. प्लगने ज्वालेची उष्णता किती लवकर इंजिनच्या डोक्याकडे सोडायची, ते हा आकडा सांगतो. एनजीकेत आकडा मोठा तर प्लग थंड. बॉशमध्ये बरोब्बर उलटं, आकडा मोठा तर प्लग गरम! जुन्या मिस्त्रींच्या तोंडात अजून 'मायकोचा प्लग' असतो, ती हीच कंपनी, २००८ पासून तिचं भारतातलं नाव बॉश लिमिटेड झालं. म्हणून एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीत शोधायचा नाही. दुकानदाराला बदली नंबरांचा तक्ता काढायला लावायचा. तक्ता नसेल तर दुसरं दुकान.

गरजेपेक्षा गरम प्लग बसला तर त्याचं टोक लालबुंद होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतं, आणि असं चालत राहिलं की पिस्टनला भोक पडतं. तेव्हा मात्र खरोखरच इंजिन जातं.

इरिडियमचा प्लग घ्यावा का, असं तरुण पोरं विचारतात. टिकतो जास्त, किंमत साध्याच्या कित्येक पट. जुन्या इंजिनात थोडं ऑइल वर येतच असतं, ते इरिडियमलाही तसंच काळं करतं. माझं मत विचाराल तर साधा तांब्याच्या गाभ्याचा प्लग घ्या, गॅप फिलर गेजने पुस्तकाप्रमाणे ठेवा (माझ्या गाडीला ०.७ ते ०.८ मिलिमीटर) आणि वेळच्या वेळी बदला. इंजिन थंड असतानाच बदला. आधी हाताने बसवा, वॉशर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा ते पाऊण फेरा, बस्स. या गाडीचं डोकं ॲल्युमिनियमचं आहे. जोर दाखवला तर आटे जातात, आणि ते काम प्लगच्या कितीतरी पट महाग पडतं.

वायरींचं तर कुणी बघतच नाही. ८०० ला तीन प्लगच्या आणि एक कॉइलपासून डेल्कोपर्यंतची, अशा चार. सेट पूर्ण बदलावा. एकच बदलली की उरलेल्या तीन सहा महिन्यांत रांगेत उभ्या राहतात. वरचं आवरण सिलिकॉनचं बघून घ्या, स्वस्त रबर गरमीने कडक होऊन फुटतं. बहुतेक वायरींच्या आत कार्बनचा गाभा असतो, त्याला काही हजार ओहमचा रेझिस्टन्स मुद्दाम दिलेला असतो, नाहीतर रेडिओत खरखर ऐकू येते. मल्टिमीटर लावून बघा. लांब वायरीला आकडा जास्त, आखूड वायरीला कमी, असं प्रमाणात हवं. काहीच दाखवत नसेल तर वायर आतून तुटलीय. आणि काढताना टोपी धरून काढा, वायर ओढून नव्हे. एकेक काढा, एकेक लावा. ठिणगीचा क्रम १-३-२ आहे, वायरी उलटसुलट झाल्या की पुन्हा तेच ऐकाल, इंजिन गेलंय.

आता पेट्रोल. आपल्या पट्ट्यातल्या उसापासून बनलेलं इथेनॉल आपल्याच टाकीत येतंय, २० टक्के. शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. नव्या गाडीतला सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला डोळे नाहीत. मग प्लग पांढरट दिसायला लागतो. (निरोगी प्लग विटकरी-तपकिरी असतो, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय.) पांढरा प्लग बघून काही जण थेट थंड नंबरचा टाकतात. आधी कार्बोरेटर जुळवा, हवा कुठून ओढतेय का बघा, रबरी नळ्या बघा. प्लग फक्त आजार दाखवतोय.

डुप्लिकेट मालाबद्दल एवढंच, की आपल्याकडे तो सर्रास मिळतो आणि विकणारा लाजतही नाही. "ओरिजिनल देऊ का चालू?" असं सरळ विचारतात. मधला इलेक्ट्रोड मधोमध आहे का बघा, आटे स्वच्छ आहेत का बघा, वॉशर हातात गळून पडतो का बघा. आणि पक्कं बिल मागा. मी मागितलं तेव्हा उत्तर आलं, "बिल घेतलंत तर टॅक्स लागेल, दादा." अहो, २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. किंमत कमी केलीत का, हे विचारल्यावर ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. बिल नसेल तर उद्या ग्राहक आयोगात काय दाखवणार, रिकामी डबी?

पीयूसीचंही तेच. प्लग नीट पेटत नसेल तर न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर बाहेर पडतं आणि मशीनवर हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. चारशे-पाचशे रुपयांच्या प्लगांनी तो खाली येऊ शकतो. पण आपण जास्तीचे शंभर देऊन गाडी न तपासता कागद घेतो, आणि तो धूर शाळेसमोर सोडतो.

सरकार जुन्या गाड्या कमी व्हाव्यात म्हणून दर वाढवतंय. पंधरा वर्षांनंतर कारच्या पुन्हा नोंदणीची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारला १०,००० केली. ज्याची गाडी खरंच धूर ओकते त्याने ती काढावी, हे मलाही पटतं. पण पाच वर्षांसाठी दहा हजार घेणाऱ्या खात्याने तालुक्याला महिन्यातून एक दिवस जुन्या गाड्यांची खरी तपासणी ठेवावी, अशी मागणी मी पेपरात दोनदा छापलीय. तिसऱ्यांदा इथे लिहितोय. ज्यांना पटतंय त्यांनी आपल्या नावानिशी आरटीओला अर्ज द्या, मसुदा मी करून देतो.

गुरुजींचं बिल प्लग, वायरी, मजुरी धरून दोन हजारांच्या आत आलं, पक्क्या पावतीसह. अठ्ठावीस हजारवाल्याचं नाव त्यांनी मला लिहू दिलं नाही. "माझाच विद्यार्थी आहे तो पण," म्हणाले.