मुकुट, सिंह आणि थ्री-नॉट-थ्री

पालघरच्या हुतात्मा चौकात थांबणाऱ्या चिंचणीकर तरुणाला १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारातील पाच हुतात्मे ठाऊक असतात. त्या काळातील शस्त्रांकडे मात्र तो क्वचितच वळतो. ली-एनफिल्ड, म्हणजेच थ्री-नॉट-थ्री, आपला जन्मदाखला अंगावरच बाळगते. दस्ता जिथे पोलादाला मिळतो तिथे, उजव्या अंगाला, राजमुकुट, ‘जी. आर. आय.’, बंगालमधील इशापूर कारखान्याचे नाव आणि वर्ष. प्रजासत्ताकात मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले. घडण तीच राहिली. नळी व बोल्टवरचे क्रमांक जुळले नाहीत, तर एखादा भाग मागाहून बदलला असे समजावे. हे बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे हौशी अभ्यासकाने फक्त वाचायचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात काही पोलिसांच्या हाती हीच रायफल होती.