एकाच हाताच्या बाह्या

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार, ही म्हण ज्यानं केली त्याच्या हातात सुई कधी गेली नसावी. शिवणाऱ्या माणसाला आभाळाचं क्षेत्रफळ आधी दिसणार नाही. तो विचारेल, फाटलंय कुठं? शिवणीवर की अंगात? शिवणीवर असेल तर ते फाटणं नव्हेच, उसवणं. टीप मारली की झालं. अंगात असेल तर खिळ्याला अडकून खोंबारा गेलाय की झिजून झिरझिरीत झालंय? खोंबाऱ्याला रफू चालतं, कारण भोवतीचं कापड शाबूत असतं. झिजलेल्याला ठिगळच लागतं, आणि तेही भोकापेक्षा बरंच मोठं, कारण भोकाच्या कडेचं कापड टाका धरत नाही. शिवाय ठिगळ नव्या कापडाचं असेल तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि आजूबाजूच्या जुन्याला ओढून नवीन भोक पाडतं. म्हणून जाणत्या बायका ठिगळाला जुनंच कापड शोधतात, मूळ कपड्याइतकंच धुतलेलं. तेव्हा आभाळाची खरी अडचण त्याच्या लांबीरुंदीची नाही. आभाळाइतकं वापरलेलं दुसरं कापड आणायचं कुठून, ही आहे. आभाळ बेतताना उरलेलं कातरण कुणी पिशवीत भरून ठेवल्याचं काही ऐकिवात नाही.

म्हणीची इतकी उलटतपासणी करू नये हे मला कळतं. ती एकानं बोलायची असते आणि दुसऱ्यानं मान डोलवायची असते. पण ती मला सोडत नाही, विशेषतः त्यातलं ‘कुठं कुठं’. एकदाच ‘कुठं’ म्हटलं असतं तर नुसता हात टेकलेला माणूस वाटला असता. दोनदा म्हटल्यामुळे वाटतं, यानं चार ठिकाणी लावून पाहिलंय. एक जागा सावरली की शेजारची गेली, तीही सावरली, आणि मग हे वाक्य तोंडातून निघालं. म्हणजे सुई त्याच्या हातात होतीच, किंवा तिच्या. शिंपी आपल्याकडे संतांत आहेत. नामदेवांच्या अभंगात गज आणि कात्रीही येते. पण ठिगळाचं काम शिंप्याकडे जात नसे. ते घरातच व्हायचं, दुपारची भांडी उरकल्यावर, दारातल्या उजेडात. म्हण तिथंच कुठंतरी झाली असेल, तर मी तिच्यावर उगाच तोंडसुख घेते आहे.

आमच्या घरी हे काम काकूकडे होतं. काकूनं ही म्हण उच्चारलेली मला आठवत नाही, आणि तिच्याकडे येणारं कापड काही कमी फाटकं नसायचं. तिची विभागणी सरळ होती. “टीप चुकली तर उसव. कात्री चुकली तर मला हाक मार.” टिपेची चूक नुसती कष्टाची. ब्लेडनं टाके तोडायचे, दोऱ्याची कुसं वेचायची, पुन्हा शिवायचं. सुती कापडावर सुईच्या भोकांची बारीक रांग राहते, पण धुतल्यावर तीही बुजते. कात्रीचं तसं नाही. म्हणून काकू कापड बेतायला बसली की घरात कुणी तिच्याशी बोलत नसे. फार तर आमचे नाना विचारायचे, चहा? ती खडू वर न उचलता मान हलवायची. शिवणीत माया इतकी ठेवायची की पोलकं आतून काखेत टोचे; आम्ही कुरकुर करायचो. पण तेच पोलकं दर दिवाळीला थोडं थोडं उसवून आणखी एक वर्ष निघे. हल्लीचा तयार कुर्ता उलटा करून पाहा. शिवणीपलीकडे ओव्हरलॉकची अरुंद कड, बस्स. तो सैल करता येत नाही. सैल करायला आत काही ठेवलेलंच नसतं.

नेसायचे कपडे या बाबतीत सुखी. लुगडं किंवा धोतर कापलेलंच नसतं, त्यामुळे त्यात चूक टिकत नाही. निऱ्या चुकल्या तर सोडायच्या आणि पुन्हा घालायच्या. आजीला यातलं काही सांगितलं असतं तर तिनं मला वेड्यात काढलं असतं, कारण तिच्या लेखी कपडा बिघडतो तो डाग पडून.

काकूची शिवणक्लासची वही मी पाहिली आहे. जाड पानांवर खाकी कागदाचे छोटे आकार चिकटवलेले: झबलं, टोपडं, लंगोट, परकर, साधी बाही, फुग्याची बाही. शेजारी छातीचा चौथा भाग अधिक इतके इंच, असे बारीक अक्षरातले हिशेब, आणि बाईंची लाल शाईतली सही. त्या वहीत सगळं बरोबर आहे. बिघडल्यावर काय करायचं याचं एकही पान नाही. काकूला जे खरं येत होतं ते त्या वहीत नव्हतं.

धाकट्या बहिणीच्या पोलक्याची गोष्ट काकू शिवायची त्या दिवसांतली. कापड कमी पडलं, की काकूचा हिशेब हुकला, ठाऊक नाही. पुढचे दोन भाग छातीवर मिळेनात. कुणाचं तरी लग्न तोंडावर आलेलं. काकूनं कातरणाच्या पिशवीतून परकराच्याच काठाची पट्टी काढली, मध्ये उभी घातली, तिच्यावर बटणं लावली आणि तीच पट्टी बाह्यांनाही फिरवली, म्हणजे मुळात असंच ठरलं होतं असं वाटावं. मांडवात दोघींनी तरी विचारलं, ही फॅशन कुठली? वाड्यात पुढं तसली पोलकी आणखी शिवली गेली. ही गोष्ट मी कित्येकांना सांगितली आहे. गेल्या वर्षी बहिणीसमोर सांगत होते, तर ती मध्येच म्हणाली, “ते जोड दिलेलं पोलकं ना? सगळ्यांना कळत होतं. मी पूर्ण लग्नभर छातीवर हात घेऊन फिरले.”

कुणाचं खरं धरायचं? मी बाहेरून पाहत होते, ती आत होती. सावरलेल्या कपड्याचं कौतुक सावरणाऱ्याला आणि बघणाऱ्याला; घालणाऱ्याच्या अंगावर मात्र चूकच असते. की तसंही नाही? बहीण तेव्हा इतकी लहान होती की जोड कुणाला कळत होता आणि कुणाला नव्हता हे तिला तरी काय समजणार? तिच्या मनानं पुढं कधीतरी तेही शिवून घेतलं असेल. काकू असती तर तिनं दोघींना गप्प बसवलं असतं.

बहिणीची मुलगी आता स्वतःचे कपडे स्वतः शिवते. नोकरी करते, पैसे मिळवते, बाजारात हवं ते मिळतं, तरी शिवते. तिच्या नव्या मशिनीवर परवा टिपेच्या खाली दोऱ्याचा गुंता येत होता. ती खालची बॉबिन काढून काढून पुसत होती. खाली गुंता दिसला की दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो, त्याला ताण नसतो. हे तिला सांगितलं आणि मला गांधीजी आठवले.

सांगते. 1924 साली शांतिनिकेतनातला रामचंद्रन नावाचा तरुण गांधीजींना भेटला. तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात का, असं त्यानं विचारलं. गांधीजींचे सचिव महादेवभाई यांनी टिपलेला तो संवाद ‘यंग इंडिया’त छापला गेला. गांधीजींनी शिवणयंत्राला सवलत दिली. माणसानं शोधलेल्या मोजक्या उपयोगी वस्तूंपैकी ती एक, म्हणाले, आणि तिच्यामागची कथाही मोठी रम्य. सिंगरनं आपल्या बायकोला हातानं शिवत बसण्याचे कष्ट करताना पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र केलं.

आता आयझॅक सिंगर म्हणजे नाटकात कामं करत गावोगाव हिंडलेला माणूस. एकाच वेळी अनेक संसार, वीसहून जास्त मुलं. बभ्रा झाला तेव्हा अमेरिका सोडून गेला आणि 1875 मध्ये इंग्लंडात वारला. बायकोच्या कष्टांची गोष्ट सांगतात ती एलियास हावची. त्याला 1846 मध्ये शिवणयंत्राचं पेटंट मिळालं होतं, आणि त्याआधीच्या हलाखीच्या दिवसांत घर बायकोच्या शिवणावर चाललं होतं. सिंगरला शिवणयंत्र भेटलं ते बॉस्टनच्या एका कारखान्यात, 1850 मध्ये, दुरुस्तीला आलेलं. दुसऱ्यांनी बनवलेलं आणि नीट न चालणारं. त्यातलं शटल गोल फिरे. सिंगरनं ते सरळ रेषेत मागंपुढं धाववलं, वाकडी सुई सरळ केली. म्हणजे मुळात तोही कुणाचं तरी बिघडलेलं काम सावरत होता. जोडलेलं यंत्र पहिल्या रात्री चाललंच नाही. टाका धरेना, कामगार एकेक करून निघून गेले. सिंगर आणि त्याचा भागीदार झीबर मध्यरात्री मुक्कामाकडे परतताना वाटेत फळ्यांच्या ढिगावर बसले. झीबर सहज म्हणाला, ते सैल फास कापडाच्या वरच्या अंगाला येत होते, पाहिलंस ना? सिंगरच्या डोक्यात लख्ख पडलं, वरच्या दोऱ्याला ताण द्यायचाच राहिला होता. परत जाऊन स्प्रिंग आवळली. पाच टाके पडले आणि दोरा तुटला. पण पाच पुरेसे होते. हे सारं सिंगरनंच पुढं सांगितलेलं, तेव्हा त्यातही थोडी इस्त्री असेलच. झीबरचं पुढं काय झालं? तो आजारी पडला असताना सिंगरनं त्याचा हिस्सा थोडक्यात विकत घेतला आणि त्याला धंद्यातून बाहेर काढलं. हावनं दावा लावला तेव्हा 1854 मध्ये सिंगरला त्याच्याशी तडजोड करून रॉयल्टी मोजावी लागली.

गांधीजींना हे ठाऊक असतं तर त्यांनी शिवणयंत्राची सवलत काढून घेतली असती का? मला नाही वाटत. त्यांना यंत्र हवं होतं, आणि यंत्राच्या कडेला जे उघडं पडलं होतं तिथं कुणीतरी प्रेमाचा तुकडा लावून दिला होता. चांगला बसला होता तो. सत्याच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस, पण त्यानंही तो उलटून पाहिला नाही. मला मात्र उलटून पाहायची खोड, आणि पाहिल्यावर काय मिळालं म्हणाल तर शिवणयंत्राबद्दलचं माझं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही आणि सिंगरबद्दलचं मुळात नव्हतंच. सिंगरच्या बायकांपैकी एखादीनं ती कथा वाचली असती तर? तिला माझ्या बहिणीसारखंच काहीतरी वाटलं असतं, बहुतेक.

भाचीनं खण आणला आहे. गुळेदगुडचा, दोन्ही अंगांना काठ. खणाला पन्हा कमी, त्यामुळे दुमडून दोन बाह्या एकदम कापता येत नाहीत. तिनं एका काठावर कागद ठेवून एक बाही कापली, मग तोच कागद फिरवून दुसऱ्या काठावर ठेवला आणि दुसरी. फिरवला, उलटा केला नाही. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या. साध्या पॉपलीनला हे झालं असतं तर चूक म्हणायचीही गरज नव्हती, एक बाही उलटी करून लावली की काम भागतं. दोन्ही बाजू सारख्या. खणाला उलट-सुलट असते. कापड तेच, कात्री तीच, पण एका ठिकाणी जी चूक ती दुसऱ्या ठिकाणी चूकच नाही, हे तिला समजावताना माझंच मन तिथं रेंगाळलं. “मावशी, तू बघ ना काहीतरी,” ती म्हणाली. काकूच्या जागी मी कधी जाऊन बसले, कळलंही नाही.

उपाय आहेत. बाह्याच नकोत, मुंढ्याला उरेब पट्टी लावून मोकळं सोडायचं. मग काठ वाया जातो, आणि खण घ्यायचा तो काठासाठी. दुसऱ्या कापडाची बाही लावायची. ती ‘जमून आली’ म्हणायचं की ‘जोडली’, हे बघणाऱ्यावर. किंवा उजव्या बाहीला पुढच्या अंगानं मुंढा खोल कोरायचा आणि तुटेल तेवढं कापड काखेत कळी घालून भरून काढायचं. हा मला जमणारा. बहिणीनं फोनवर आधीच बजावून ठेवलं आहे, “काय करायचं ते कर, पण पट्टी लावू नकोस.” कळी म्हणजे पट्टी नव्हे, असं मी तिला अजून सांगितलेलं नाही, कारण ती म्हणेल, नाव बदललंस फक्त.

आणि मुळात मी का करायचं, हाही प्रश्न आहे. पोरगी शिकते आहे. तिच्या हातानं बिघडलं, तिच्याच हातानं सावरू दे. नाहीतर तिचा ब्लाऊज होईल आणि तिला काही येणार नाही. पण हे मी तत्त्व म्हणून म्हणते आहे, की कात्री हातात घ्यायची भीती वाटते म्हणून? काकूनं मला कधी कात्रीची चूक सावरू दिली नाही, ती आधी हातातून घ्यायची. त्यामुळे मला जे येतं ते बघून बघून आलेलं. बघून आलेलं कितपत येत असतं?

काखेतली कळी तशी लपते. फक्त हात वर केला की दिसते, आणि ही मुलगी रोज बसमध्ये दांडी धरून उभी असते. ते तिला सांगितलं. “दिसू दे,” म्हणाली. खरंच म्हणाली की माझं मन राखायला, ते मला तिच्या चेहऱ्यावरून काही उमगलं नाही. आणि या बाबतीत तिच्या आईला विचारायची सोय राहिलेली नाही.